पाणी बंद केलेले तीन दिवस

काका, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. या तीस वर्षांत मी तुमच्याविषयी पुष्कळ बोललो. सत्काराला बोलावलं की बोललो, कुठे नवी व्यायामशाळा उघडली आणि नारळ फोडायला नेलं की बोललो. माझे गुरू फॅक्टरीत फिटर होते, त्यांनी मला क्वार्टरच्या मागच्या अंगणात घडवलं, असं सांगितलं की लोक टाळ्या वाजवतात. मग मी तुमच्या हाताचं सांगतो. एका अपघातात त्यांची तीन बोटं गेली, असं म्हणतो आणि थोडा थांबतो. तिथेही टाळ्या येतात. तुमच्याशी मात्र इतक्या वर्षांत एक शब्द बोललो नाही, मनातल्या मनातसुद्धा नाही.

परवा नात आली होती. ती इथेच राइट टाउनमध्ये राहते, तिथल्याच जिममध्ये जाते, आणि पुढच्या महिन्यात तिची शरीरसौष्ठवाची स्पर्धा आहे. हो काका, मुलींच्याही होतात आता. तिला पाहून तुम्ही म्हणाला असता, मागचा खांदा कमी पडतो हिचा. मराठी तिला सगळी कळते, पण बोलते हिंदीत. भिंतीवरचा आपला फोटो पाहत तिने विचारलं, "आजोबा, आख़िरी हफ़्ते में आप लोग पानी कब बंद करते थे?" मी एकदम चिडलो. पाणी बंद करायचं नसतं, डॉक्टरला विचार, असलं काहीतरी जोरात बोललो. ती हसून म्हणाली की अच्छा, आपने कभी नहीं किया? मी नाही म्हणालो. सत्याहत्तराव्या वर्षी, नातीच्या तोंडावर. ती गेल्यापासून मी कागद घेऊन बसलो आहे.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो आणि माझ्या मनगटाला घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकातही सैल बसायचा. चीनचं युद्ध नुकतंच होऊन गेलं होतं. सैन्यासाठी तोफगाडे बनवणाऱ्या आपल्या फॅक्टरीत घाई उडाली होती, भरती चालू होती, आणि माझ्या बाबांना काळजी पडली होती की या पोराला मेडिकलमध्येच बाहेर काढतील. तुम्ही शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचे. बाबांनी सांगितल्यावर तुम्ही माझी मान, दंड, पोटऱ्या दाबून पाहिल्या, जसं बाजारात भोपळा पाहतात तसं, आणि काकूंना आतमध्ये ओरडून सांगितलं की उद्यापासून चणे एक मूठ जास्त भिजवा. एवढंच. फी नाही, नारळ नाही, पाया पडणं नाही.

तुमच्या अंगणात सागाच्या दोन बल्ल्या आडव्या ठोकून केलेला डबलबार होता आणि ओमतीच्या भंगारवाल्याकडून आणलेली दोन जड चाकं होती, मधून लोखंडी दांडा घातलेली. फॅक्टरीत तसलं लोखंड ढिगाने पडलेलं असायचं. मी एकदा म्हणालो की गेटवर कोण पाहतं, एक तुकडा आणू. तुम्ही त्या दिवशी माझ्याकडून व्यायाम करून घेतला नाही, नुसतं बसवून ठेवलं. पहाटे साडेचारला सुरुवात, सहाला संपलं पाहिजे, कारण सातचा भोंगा. आणि तुमचा एकच नियम होता जो मी दुसऱ्या कोणत्याही शिकवणाऱ्याकडून ऐकला नाही. अंगातली अर्धी ताकद ड्युटीसाठी शिल्लक ठेवायची. बाकीचे पैलवान पोरांना गळून पडेपर्यंत दंड मारायला लावायचे. मी रंगात आलो की तुम्ही थांबवायचे. मला राग यायचा. तुम्ही म्हणायचे, "तिथं तुझ्या बाजूला माणूस उभा असतो." एवढंच म्हणायचे, पुढे समजावून सांगायचे नाहीत.

तुमचं स्वयंपाकघर मला अजून वासाने आठवतं. कोपऱ्यात पितळेच्या गंजात भिजलेले चणे, पाटावर सोललेले शेंगदाणे, आणि चुलीजवळ बसलेल्या काकू. पासष्टच्या युद्धात दूध मिळेनासं झालं तेव्हा त्या घरातलं दूध तुमच्या मुलीला आणि मला मिळायचं, आणि तुम्ही दोघं काळा चहा प्यायचे. मला ते तेव्हा कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. कळत होतं. मी पीत होतो. त्या वर्षी माझा दंड पहिल्यांदा तुमच्या दंडापेक्षा मोठा भरला, आणि तुम्ही काकूंना बोलावून टेप दाखवली.

मोठा आरसा क्वार्टरच्या त्या ओळीत फक्त काकूंच्या कपाटाला होता. स्पर्धेची तयारी सुरू झाली की मी त्या आरशासमोर लंगोटावर उभा राहून छाती, पाठ, पोटऱ्या दाखवायचा सराव करत असे आणि तुम्ही खाटेवर बसून हाताने खुणा करत. डावा पाय मागे. पोट आत. आता श्वास. काकू तेवढा वेळ पदर तोंडावर धरून शेजारी जाऊन बसत, आणि तुमची पाच-सहा वर्षांची मुलगी दाराच्या फटीतून पाहून हसे. माझी पहिली स्पर्धा आली तेव्हा काकूंनी गडद निळ्या कापडाची चड्डी शिवून दिली होती, आत दुहेरी शिवण घातलेली, कारण तुम्ही त्यांना सांगितलं होतं की याच्या मांड्या फुगल्या की साधी शिवण उसवेल.

एकाहत्तर सालचा तो पावसाळा संपला तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, फॅक्टरीत तुमच्याच शॉपमध्ये, तुमच्या हाताखाली. लढाई होणार हे सगळ्यांना कळलं होतं. बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या होत्या, खिडक्यांच्या काचांना काळा रंग दिला होता, आणि क्वार्टरच्या मागे, आपल्या डबलबारला अगदी लागून, खंदक खणला होता. आपण त्या खंदकाच्या कडेला व्यायाम करायचो. तुम्ही म्हणालात, या दिवसांत स्पर्धा विसर, झोप आणि जेवण एवढंच सांभाळ. पण छावणीतल्या सदरमध्ये जवानांच्या कुटुंबांच्या मदतीसाठी मोठी शरीरसौष्ठव स्पर्धा ठरली, बाहेरगावचे लोक येणार होते, आणि तिच्यासाठी रविवारची सुट्टी द्यायला साहेब तयार झाले. मग तुम्हीही नाही म्हणाला नाहीत.

सदरमधला एक भैया होता, माझ्याच वजनाचा, कलकत्त्याच्या स्पर्धा पाहून आलेला. त्याने मला सांगितलं की तिथले मोठे लोक शेवटचे तीन दिवस मीठ सोडतात आणि पाणी जवळजवळ बंद करतात. कातडी कागदासारखी होते, पोटाचे सहाही चौकोन वेगळे दिसतात. मी तुम्हाला सहज विचारल्यासारखं केलं. तुम्ही हातातला कप खाली ठेवला आणि म्हणालात की भट्टीच्या शॉपमध्ये काम करणाऱ्याने असलं करायचं नसतं, करायचं असेल तर आधी आठ दिवसांची रजा टाक. त्या दिवसांत रजा कुणालाच मिळत नव्हती. मी म्हणालो, मी कुठं करून राहिलो, नुसतं विचारलं.

गुरुवारी सकाळी मी मीठ सोडलं आणि पाणी बंद केलं. दिवसाला चार घोट, तेही तोंड ओलं करण्यापुरते. गुरुवार निघाला. शुक्रवारी सकाळी आरशात पाहिलं तर भैया म्हणाला होता तसंच झालेलं. पोटावर एकेक रेघ कोरल्यासारखी. मला इतका आनंद झाला काका, की डोकं दुखत होतं तेही मला बरं वाटलं. शॉपमध्ये तुम्ही माझ्याकडे दोनदा पाहिलं. माझे ओठ फुटले होते. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही डबा उघडता उघडता विचारलंत, "काहून रे, पाणी पिऊन राहिला ना?" मी म्हणालो, "हो काका, सकाळपासून दोन लोटे झाले." तुम्ही मान हलवलीत आणि मला तुमच्या डब्यातली भाकरी दिलीत. तिच्यावर मीठ होतं म्हणून ती मी नंतर कागदात गुंडाळून फेकली.

साडेतीन-चारचा सुमार असेल. एक जड ओतीव भाग मशीनच्या बेडवर बसवायचा होता. एक कोपरा जरासा खाली राहत होता, म्हणून मी लांब लोखंडी सब्बल घालून तो उचलून धरायचा आणि तुम्ही खाली लोखंडी पट्टी सरकवायची. हे काम आपण दोघांनी शंभर वेळा केलं असेल. शॉपमधले लोक म्हणायचे की हा उचलतो तेव्हा जॅकची गरज नाही. मी सब्बल दाबली, कोपरा वर आला. तुम्ही म्हणालात, धरलंस? मी म्हणालो, धरलं. तुम्ही पट्टी घेऊन उजवा हात आत घातलात.

मग भट्टीचा आवाज लांब गेला. डोळ्यांपुढे आधी पिवळं आणि मग काळं झालं. हे सगळं मिळून एक श्वास घ्यायला लागतो तेवढ्या वेळात झालं असेल. मी पडलो नाही. फक्त हातातली ताकद गेली, जशी झोप लागताना जाते. मला शुद्ध आली ती तुमच्या आवाजाने. तुम्ही ओरडला नव्हता. हळू आवाजात माझं नाव घेत होता, पुन्हा पुन्हा, जसं कुणाला उठवतात तसं.

मी सब्बल पुन्हा दाबली. कशी दाबली कोण जाणे. दोघेतिघे धावत आले, कोपरा वर झाला, तुमचा हात बाहेर निघाला. ते पाहून एक जण बाजूला जाऊन ओकला. तुम्हाला स्ट्रेचरवर घातलं तेव्हा तुम्ही डाव्या हाताने मला जवळ बोलावलंत. मला वाटलं शिवी द्याल. तुम्ही म्हणालात की घरी तू जा, दुसऱ्या कुणाला पाठवू नको, ती घाबरेल.

मी गेलो. काकू गहू निवडत होत्या. मी काय सांगितलं ते नीट आठवत नाही, पण माझ्या मागोमाग शॉपमधल्या कुणाची तरी बायको आली, आणि तिच्यापर्यंत बातमी अशी पोचली होती की वजन पडलं आणि मी एकट्याने ते उचलून तुमचा हात सोडवला. काकूंनी माझे दोन्ही दंड धरले आणि त्या रडल्या. तू होतास म्हणून मनगट तरी राहिलं, असं म्हणाल्या. मी त्यांना ते म्हणू दिलं. पुढे वीस वर्षं त्या हेच सांगत राहिल्या, हळदीकुंकवाला, लग्नकार्यात, माझ्या बायकोला ती घरात आली त्या पहिल्याच आठवड्यात. तुम्ही कितीतरी वेळा तिथेच बसलेले असायचे. भिंतीकडे पाहायचे.

शनिवारी सकाळी चौकशी झाली. साहेब वाईट नव्हते, घाईत होते. त्यांनी विचारलं की हुआ क्या. मला तेव्हा हे माहीत नव्हतं की आदल्या संध्याकाळी दवाखान्यात तुमचा जबाब घेतला आहे आणि तुम्ही सांगितलं आहे की सब्बल घसरली, जमिनीवर तेल होतं, यात कुणाचा दोष नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं की पाण्याचं निघालं तर नोकरी जाईल, आणि उद्याची सुट्टी तर नक्की जाईल. मी म्हणालो, "उन्होंने हाथ पहले डाल दिया, साहब. मेरे बोलने से पहले." साहेबांनी लिहून घेतलं. मी खाली सही केली.

आणि रविवारी मी सदरला गेलो. ती निळी चड्डी कमरेला इतकी सैल झाली होती की दोन्ही बाजूंनी सेफ्टी पिन लावाव्या लागल्या. अंगाला तेल लावून देणारं कुणी नव्हतं, ते काम नेहमी तुम्ही करायचे, म्हणून भैयाने लावून दिलं. स्टेजवर चढलो तेव्हा पुढच्या रांगेतले फौजी अधिकारी उठून टाळ्या वाजवत होते. पहिला आलो. माझ्या आयुष्यात माझं शरीर तसं पुन्हा कधी दिसलं नाही, याबद्दल मी आजही खोटं बोलू शकत नाही. त्या दिवशी ते खरोखर सुंदर होतं.

सोमवारी ड्युटी संपल्यावर बक्षिसाची ढाल घेऊन दवाखान्यात आलो. तुमचा हात उशीवर ठेवला होता, पांढऱ्या गाठोड्यासारखा. तुम्ही ढालीकडे पाहिलं नाही. म्हणालात, "पोटऱ्या कशा दिसल्या?" पोटऱ्या माझ्या कच्च्या होत्या, आपण वर्षभर त्यांच्यावर मेहनत घेतली होती. मी म्हणालो, चांगल्या दिसल्या. तुम्ही मला पायजमा वर करायला लावलात आणि डाव्या हाताने पोटरी दाबून पाहिलीत. बाजूच्या खाटेवरचा माणूस हसत होता.

लढाई सुरू झाली आणि दोन आठवड्यांत संपली. फॅक्टरीत पेढे वाटले. तुमच्या सर्व्हिस बुकात मात्र निष्काळजीपणाचा शेरा बसला होता, कारण दोन जबाबांत साहेबांना माझा जास्त खरा वाटला. तुमची चार्जमनची बढती ठरल्यातच जमा होती, ती दुसऱ्याला मिळाली. तुम्हाला टूल रूमच्या खिडकीवर बसवलं. पाने, हातोड्या डाव्या हाताने द्यायच्या आणि टोकन घ्यायचं. मीही त्या खिडकीवर यायचो. तुम्ही इतरांना द्यायचे तसाच मलाही पाना द्यायचे.

जानेवारीतली सकाळ होती. मी अंगणात आलो तर तुम्ही खंदकाच्या कडेला बैठका काढत होता, पट्टी बांधलेला हात छातीशी धरून. मी दांड्याला हात लावला. तुम्ही थांबलात, घाम पुसलात, आणि म्हणालात, "तुझा जबाब वाचून दाखवला मला." मी खाली पाहिलं. तुम्ही म्हणालात, "त्याचं काही नाही. माणूस घाबरतो." मला सुटल्यासारखं झालं, काका, खरं सांगतो. मग तुम्ही दांड्यावरचा माझा हात पाहत, आवाज न चढवता म्हणालात, "पण मी जेवताना विचारलं होतं तुला, पाणी पिऊन राहिला ना. तू हो म्हणालास. तेवढ्यावर मी हात आत घातला."

तुम्ही उत्तराची वाट पाहिलीत. मी वाकून दांड्यावरची चाकं सरळ करत राहिलो. मग तुम्ही चला म्हणालात, ड्युटीचा टाइम झाला.

त्यानंतर तुम्ही मला कधी शिकवलं नाही आणि दुसऱ्या कुणालाही शिकवलं नाही. भांडण नव्हतं. संक्रांतीला तिळगूळ यायचा, माझ्या लग्नात तुम्ही वरातीत चाललात, फॅक्टरीने माझा सत्कार केला तेव्हा साहेबांनी बोलावलं म्हणून शेजारी उभे राहिलात. तोच फोटो भिंतीवर आहे, तुमचा उजवा हात पाठीमागे. मला पुढे फॅक्टरीच्या व्यायामशाळेत शिकवण्याचं काम मिळालं. तीस वर्षं शिकवलं. अर्धी ताकद शिल्लक ठेवायचा तुमचा नियम मी प्रत्येकाला सांगितला, तुमच्या नावाने सांगितला. तो मला कसा समजला हे सांगितलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा पुढचा खांदा मी दिला. लोक म्हणाले, शिष्य असावा तर असा.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. काकूही आता नाहीत. तुमची मुलगी आहे, नागपूरला असते, दर दिवाळीला तिचा फोन येतो, आणि फोनवर ती मला अजून दादा म्हणते. तिच्या बापाच्या सर्व्हिस बुकात जे लिहिलं गेलं ते खोटं होतं, हे तिला कळायला हवं. पत्ता माझ्या डायरीत आहे. मी दोन वेळा पाकिटावर तिचं नाव लिहिलं आणि दोन्ही पाकिटं फाडली. पाठवणार नाही, हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं. नातीलाही यातलं काही सांगणार नाही. तिला फक्त रोज फोन करून पाणी प्यायलीस का विचारेन, आणि ती हो म्हणेल.

एक मात्र तुम्हालाही ठाऊक नाही. तुम्हाला गाडीत घालून नेल्यावर मी शॉपच्या मागे नळावर हात धुवायला गेलो. हात कोपरापर्यंत रक्ताने भरले होते. धुतले. मग तसाच नळ चालू ठेवून मी ओंजळ भरली, कारण गुरुवारपासूनची तहान होती. ओंजळ तोंडापर्यंत नेली. ओठाला पाणी लागलं. तेव्हा मला रविवार आठवला, आणि मी ती ओतून टाकली.